महाबळेश्वरचे पाणी आणि आपली सदसद्विवेकबुद्धी



काही वर्षांपूर्वी युवकांच्या सभेत घडलेला एक प्रसंग आज तुम्हांला सांगतो. त्यात चूक माझीच होती, म्हणून सांगायला हरकत नाही. रविवारची संध्याकाळ होती. चर्चच्या सभागृहात पंचवीस-तीस मुलेमुली जमली होती. विषय होता 'सदसद्विवेकबुद्धी'. माझे बोलणे संपल्यावर सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "फादर, चांगले काय आणि वाईट काय, हे शेवटी ज्याचे त्यानेच ठरवायचे असते ना? एका समाजात जे पाप, तेच दुसऱ्या समाजात पुण्य. आइन्स्टाइननेही सांगितलेय की सगळे सापेक्ष आहे."

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाच्या खिशात अशा प्रश्नाचे उत्तर तयारच असते. मी लगेच विचारले, "सगळे सापेक्ष आहे, हे तुझे वाक्य तरी सर्वांसाठी खरे आहे, की तेही फक्त तुझ्यापुरतेच?" मुले हसली. कुणीतरी टाळीही वाजवली. तो मुलगा खाली बसला. पुढच्या सभेला तो आला नाही. त्यापुढच्याही नाही.

काही महिन्यांनी त्याची आजी वारली. दफनविधी आटोपल्यावर दफनभूमीच्या फाटकापाशी तो भेटला. सोबत त्याचे कॉलेजचे मित्र होते, बहुतेक हिंदू घरांतले. त्यांना पुढे पाठवून तो माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "फादर, त्या दिवशी मला वाद घालायचा नव्हता. होस्टेलवर मुले प्रॅक्टिकल न करताच जर्नलमध्ये आकडे भरतात. मी नाही म्हटले. तर म्हणाले, तुझ्या दृष्टीने चूक असेल, आमच्या दृष्टीने नाही. त्यांना काय उत्तर द्यायचे, एवढेच मला विचारायचे होते."

माझे त्या दिवशीचे उत्तर तर्काला धरून होते, पण ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. तोच प्रश्न आज आपल्या कितीतरी घरांत जेवणाच्या ताटावर विचारला जातो आणि आईवडिलांना काय बोलावे ते सुचत नाही. म्हणून या लेखात त्याचा थोडा सावकाश विचार करू या.

पाणी किती अंशांना उकळते?

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. पाणी किती अंशांना उकळते, असे विचारले तर चौथीतले मूलही सांगेल, '१०० अंश सेल्सियस'. आपल्या किनारपट्टीवर ते बरोबर आहे. पण महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तिथे पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळू लागते. लेह तर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर. तिथे ८८ अंशांच्या आसपासच उकळी फुटते. पाणी खळखळ उकळताना दिसते, पण ते पुरेसे गरम नसते. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. याउलट आपल्या घरच्या प्रेशर कुकरमध्ये पाणी १२० अंशांपर्यंत तापते आणि तीच डाळ चार शिट्ट्यांत मऊ होते.

मग पाण्याचा नियम गावोगाव बदलतो का? नाही. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की पाणी उकळते, हा नियम सगळीकडे एकच आहे. डोंगरावर हवेचा दाब कमी, म्हणून उकळी लवकर. कुकरमध्ये दाब जास्त, म्हणून उशिरा. आकडा वेगळा येतो, तो नियम वेगळा असल्यामुळे नव्हे, तर एकच नियम वेगळ्या परिस्थितीत लागू झाल्यामुळे.

आता समजा, आपल्या गावचा एक गृहस्थ लेहला गेला आणि म्हणाला, "इथले लोक खोटे बोलतात, पाणी १००लाच उकळते." तो चुकला. दुसरा एकजण म्हणाला, "पाहा, प्रत्येक गावाचे पाणी वेगळे, पाण्याला नियम असा नाहीच." तोही चुकला. 'असे का होते?' म्हणून थांबून विचारणारा तिसरा माणूसच नियमापर्यंत पोहोचला.

नीतीच्या बाबतीतही हे तीन प्रकारचे लोक भेटतात. पहिल्याला आपण हटवादी म्हणतो. दुसऱ्याच्या मताला 'नैतिक सापेक्षतावाद' म्हणतात: चांगले-वाईट हे त्या त्या समाजापुरते किंवा त्या त्या माणसापुरतेच असते, सर्वांना बांधील असे काही नसतेच. आपल्याला व्हायचे आहे ते तिसरा माणूस.

जाता जाता आइन्स्टाइनविषयी. त्यांनी १९०५ साली मांडलेल्या सिद्धान्ताचे नाव 'सापेक्षता' असले, तरी त्याचा पाया न बदलणाऱ्या गोष्टींवर उभा आहे. एकसारख्या गतीने जाणाऱ्या प्रत्येक निरीक्षकासाठी निसर्गाचे नियम तेच असतात आणि प्रकाशाचा निर्वात पोकळीतील वेगही तोच, सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर. त्यातून 'सगळेच सापेक्ष' असा अर्थ निघत नाही. आणि नीतीविषयी तर तो सिद्धान्त काहीच बोलत नाही.

मृतांचा मान

आता खरे उदाहरण घेऊ. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस नावाचा ग्रीक इतिहासकार होऊन गेला. त्याने पर्शियाचा राजा दारयस याची एक गोष्ट नोंदवली आहे. राजाने दरबारातल्या ग्रीक लोकांना विचारले, किती पैसे दिले तर तुम्ही आपल्या मेलेल्या वडिलांचे मांस खाल? ते म्हणाले, काहीही दिले तरी नाही. मग त्याने हिंदुस्थानातील एका जमातीच्या लोकांना बोलावले. हिरोडोटसच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्यात तशी प्रथा होती. राजाने विचारले, किती पैसे दिले तर तुम्ही वडिलांना जाळाल? ते लोक ओरडलेच, असले अभद्र बोलू नका म्हणाले. ग्रीक लोक तर मृतांना जाळत असत! प्रत्येकाला आपलीच रीत श्रेष्ठ वाटते, असा निष्कर्ष हिरोडोटसने काढला. सापेक्षतावादाच्या बाजूने आजही ही गोष्ट सांगितली जाते.

पण नीट पाहा. दोन्ही लोकांना धक्का कशाचा बसला? वडिलांच्या देहाची विटंबना होईल याचा. मृतांचा मान राखावा, हे दोघांनाही मान्य होते. तो कसा राखावा यावर मतभेद होता. आपल्या अवतीभवती तेच दिसते. आपण मातीत पुरतो, आपले हिंदू शेजारी अग्नी देतात, मुंबईत मलबार हिलवर पारशी बांधवांची दोखमा आहे. तीन रीती आहेत, पण आईचा देह कचऱ्यात टाकून द्यावा, असे तिघांपैकी कुणीही म्हणत नाही. त्या दिवशी आजीच्या कबरीत आपल्या पोराच्या पाठोपाठ त्याच्या हिंदू मित्रांनीही मूठमूठ माती टाकली. त्यांना ते कुणी शिकवावे लागले नाही.

इथे युवक विचारतील, "पण फादर, चर्चनेच नियम बदलला त्याचे काय?" रास्त प्रश्न आहे. १८८६ साली रोमने कॅथलिकांना दहनाची मनाई केली होती. त्या काळी युरोपात काही मंडळी पुनरुत्थान नाकारण्यासाठी मुद्दाम दहनाचा पुरस्कार करीत होती. १९६३ साली ही मनाई सैल झाली. श्रद्धेला विरोध म्हणून केलेले नसेल, तर दहन चालेल असे ठरले. २०१६ साली रोमने पुन्हा सांगितले की दफन अधिक इष्ट, दहनाला मुभा आहे, पण रक्षा पवित्र ठिकाणी ठेवावी, घरी ठेवू नये की वाऱ्यावर उधळू नये. म्हणजे देहाचा आदर आणि पुनरुत्थानाची आशा ही तत्त्वे १८८६मध्ये होती तीच आजही आहेत. परिस्थिती बदलली म्हणून नियमाचा तपशील बदलला. महाबळेश्वरच्या पाण्यासारखेच हे आहे.

संत थॉमस अक्विनास काय म्हणतात?

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांना ही अडचण ठाऊक होती. आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात त्यांनी तिचा विचार केला आहे. त्यांच्या मते चांगले करावे व वाईट टाळावे, हे पहिले तत्त्व प्रत्येक माणसाच्या बुद्धीला आतूनच कळते. पण तपशिलात जावे तसतसे अपवाद निघतात. ते उदाहरण देतात: कुणी विश्वासाने ठेवलेली वस्तू मागितल्यावर परत द्यावी, हे बरोबर. पण ती वस्तू घेऊन तो आपल्याच देशाविरुद्ध लढणार असेल तर? तर परत देऊ नये. तत्त्व तेच, पण परिस्थितीने उत्तर बदलले.

संत थॉमस एवढ्यावर थांबत नाहीत. कधी कधी माणसाची बुद्धी वाईट सवयींनी किंवा वासनेने बिघडते आणि उघड वाईटही त्याला वाईट वाटेनासे होते, असे ते म्हणतात. रोमन सेनापती ज्युलियस सीझरच्या लिखाणाचा आधार घेऊन ते सांगतात, की प्राचीन जर्मन लोकांना लुटालूट करण्यात काही गैर वाटत नसे. म्हणजे दोन समाजांतील फरकाची कारणे दोन असू शकतात. कधी परिस्थिती वेगळी असते, तर कधी एक समाज सरळसरळ चुकत असतो.

संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे, की ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळाले नाही, त्यांच्याही अंतःकरणावर देवाने नियम लिहिला आहे आणि त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते. म्हणूनच ख्रिस्ती नसलेल्या माणसाशीही नीतीविषयी बोलता येते. बोलायला दोघांच्या पायाखाली एकच जमीन असते.

समाजच चुकत असेल तर?

'समाज म्हणेल ते चांगले' हे मान्य केले, तर एक मोठी अडचण उभी राहते. जो समाजाविरुद्ध उभा राहतो, तो सुधारक मग नेहमीच चूक ठरतो! १८२९ साली बंगाल इलाख्यात सतीबंदीचा कायदा झाला. त्याआधी राजा राममोहन रॉय या प्रथेविरुद्ध लढत होते, तेव्हा रूढी त्यांच्या बाजूने नव्हती. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या सावित्रीबाईंवर लोकांनी शेण फेकले. त्या दिवशी बरोबर कोण होते? 'तेव्हाच्या समाजाच्या दृष्टीने शेण फेकणारे बरोबर होते' असे म्हणायला आपली जीभ वळत नाही. आणि वळत नाही याचाच अर्थ असा, की समाजाच्याही वर एक मोजपट्टी आहे, हे आपण मनातून जाणतो.

हा दाखला फक्त दुसऱ्यांना लावून चालणार नाही. १४५२ साली पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्ती नसलेल्यांना गुलाम करण्याची मुभा दिली. १५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करू नये, असे बजावले. १८३९ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. पुढे २०२३ साली व्हॅटिकनने त्या जुन्या फर्मानांतून निघालेला, परमुलूख बळकावण्याचा सिद्धान्त जाहीरपणे नाकारला. आपल्या वसईवरही दोनशे वर्षे पोर्तुगिजांचे राज्य होते, तेव्हा ही दूरची गोष्ट नव्हे. ख्रिस्ती माणसे चुकली, मोठ्या पदांवरची माणसेही चुकली. पण चूक झाली असे म्हणण्यासाठी काहीतरी बरोबर असावे लागते. थर्मामीटर चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून तापच नाही असे डॉक्टर म्हणत नाही.

नीतीचा थर्मामीटर कुठे मिळतो?

विज्ञान शिकणारी मुले इथे अडवतील. "फादर, पाण्याचे तापमान मोजता येते. चांगुलपणा कुठे मोजता येतो? मग ते मतच झाले ना?"

त्यांचा आक्षेप अर्धा खरा आहे. 'काय आहे' हे सांगणे विज्ञानाचे काम. 'काय असावे' हे केवळ मोजमापातून निघत नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने अठराव्या शतकातच याकडे लक्ष वेधले होते. पण जे मोजता येत नाही ते सर्व निव्वळ मत, हे मात्र चूक. आता आपल्या त्या मुलाच्या जर्नलकडे वळू.

सिव्हिलच्या मुलांना काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे करून, ते २८ दिवस पाण्यात ठेवून, यंत्राखाली चिरडून त्यांची ताकद पाहायची असते. ठोकळा किती भाराला फुटला, हे यंत्र सांगते. पण 'जो आकडा आला तोच लिही' हे कोणते यंत्र सांगते? ही आज्ञा प्रयोगशाळेत मोजता येत नाही, तरी ती नसेल तर प्रयोगशाळेला अर्थच उरत नाही. खरे बोलावे ही नीती आधी, विज्ञान तिच्या खांद्यावर उभे आहे. आणि आज जर्नलमध्ये मनाने आकडे भरणारा हात उद्या कुठल्यातरी इमारतीच्या कागदावर भरेल. त्या इमारतीत आपलीच माणसे झोपणार आहेत. स्लॅब कोसळताना 'हे तुझ्या दृष्टीने चूक, माझ्या दृष्टीने नाही' असे म्हणून थांबत नाही.

त्या मित्रांना विचारण्याजोगा एक साधा प्रश्न होता: "तुझ्या आईवडिलांनी आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या फ्लॅटच्या चाचणीचे आकडे असे भरलेले तुला चालतील का?" 'नाही' म्हणणारा मनातून सापेक्षतावादी नसतोच. इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे, हा प्रभू येशूने घालून दिलेला नियम अशा वेळी होस्टेलच्या खोलीतही उपयोगी पडतो.

चर्चा कशी करावी?

पहिली गोष्ट, समोरच्याचे म्हणणे नीट मांडता आले पाहिजे. संत थॉमस प्रत्येक प्रश्नात विरोधकांचे आक्षेप आधी मांडतात, तेही भक्कमपणे, आणि मगच उत्तर देतात. संत इग्नेशियस यांनी 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे, की दुसऱ्याच्या बोलण्याचा शक्यतो चांगला अर्थ घ्यावा, तो लागत नसेल तर 'तुला काय म्हणायचे आहे' असे विचारावे आणि तो चुकत असेल तर प्रेमाने सांगावे. मी त्या संध्याकाळी नेमके हेच केले नाही.

'ज्याचे त्याचे खरे' म्हणणाऱ्या बहुतेक मुलांच्या मनात काय असते, हे ओळखा. त्यांचे मित्र निरनिराळ्या धर्मांचे आहेत आणि त्यांना कुणाला कमी लेखायचे नसते. हा भाव चांगला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही १९६५ साली सांगितले, की इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. फक्त मुलांना एवढेच दाखवून द्यावे, की 'कुणालाही कमी लेखू नये' हे स्वतःच एक सर्वांसाठीचे तत्त्व आहे. सापेक्षतावाद धरला, तर दुसऱ्यांना तुच्छ लेखणाऱ्यालाही 'चूक' म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट, वादात तीन प्रश्न वेगळे काढावेत: वस्तुस्थिती काय आहे, तत्त्व कोणते आणि या परिस्थितीत ते कसे लागू होते. आपल्या वाडीतलेच उदाहरण घ्या. भाजीवर औषध फवारले. किती दिवसांनी तोडणी करावी, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. त्याचे उत्तर औषधाच्या माहितीपत्रकात असते किंवा कृषी अधिकारी देतात, तिथे फादरचे मत विचारू नये. जे आपल्या पोरांच्या ताटात वाढणार नाही ते दुसऱ्याच्या पोरांना विकू नये, हे तत्त्व. आणि बाजारभाव उद्या पडणार, घरात पैशाची ओढ, तरी दोन दिवस थांबायचे का, हा तिसरा प्रश्न. खरी परीक्षा इथेच असते. 'सगळेच तसे करतात' हे या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नाही.

तिसरी गोष्ट, ठाऊक नसेल तर तसे सांगावे. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगतो, की आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने व आदराने द्या. आपण पहिला भाग लक्षात ठेवतो आणि दुसरा विसरतो.

त्या दिवशी दफनभूमीच्या फाटकापाशी मी त्या मुलाची क्षमा मागितली. मग आम्ही बराच वेळ बोललो. त्याने नंतर सांगितले, की त्याने स्वतःच्या प्रयोगाचे खरे आकडेच लिहिले. ते पुस्तकाशी जुळत नव्हते, म्हणून त्याचे दोन गुण गेले. एका मित्राने मात्र पुढच्या वेळी त्याच्याबरोबर थांबून प्रयोग केला. बाकीच्यांनी केला नाही.

प्रभू आपल्याला सत्य ओळखण्याची बुद्धी आणि ते प्रेमाने सांगण्याची नम्रता देवो.

आपला,
धर्मगुरू

घरी किंवा लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. आपल्या घरातील कोणती रीत आजीआजोबांच्या काळापासून बदलली? तिच्यामागचे तत्त्व बदलले, की फक्त तपशील?

२. 'सगळेच तसे करतात' असे आपण या महिन्यात कोणत्या बाबतीत म्हटले?

३. वाद जिंकण्याच्या नादात आपण कुणाला गप्प बसवले आहे का? या आठवड्यात त्याला भेटून त्याचे म्हणणे पुन्हा एकदा ऐकता येईल का?